दत्तक गेलेल्याला मूळ जन्मदाखला मागता येतो का?

शेवंती८६:
माझा जन्म १९८६चा. तीन महिन्यांची असताना आई-बाबांनी मला पुण्याच्या एका संस्थेतून नाशिकला आणलं. घरात हे कधी लपवलं नाही. मी घरी आले त्या तारखेला आई अजून पुरणपोळी करते. जन्मदाखल्यावर नावं त्या दोघांचीच.
गेल्या महिन्यात स्तनात गाठ लागली. साधी निघाली. पण डॉक्टरांनी विचारलं, "आईकडे कुणाला कॅन्सर?" आणि आम्ही मायलेकी दोघीही गप्प. संस्थेत फोन केला, तर "आता जुनं उकरून काय करणार?" म्हणाल्या. मला कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं नाही हो. माझ्याबद्दलचा पहिला कागद मला बघायचा आहे. तो मागायचा हक्क आहे का?

ओसरी:
मीही दत्तक. महापालिकेत हेलपाटे घालू नका. आपल्याकडे मूळ दाखला असेलच असं नाही; सापडलेल्या बाळाच्या नोंदीत जन्मदात्यांची नावं कुठून येणार? जे काही असतं ते संस्थेच्या फाइलमध्ये. आईने स्वतः सोपवलं असेल तर समर्पणपत्र असतं.
२०२२च्या दत्तक नियमावलीत 'रूट सर्च'ची, म्हणजे आपली मुळं शोधण्याची, तरतूद आहे. १८ पूर्ण झालेल्याने 'कारा'कडे, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे, स्वतः ऑनलाइन अर्ज करायचा. दुसऱ्या कुणाला पाठवलेलं चालत नाही. आईने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिची संमती घेतात. तिने नकार दिला किंवा ती सापडलीच नाही, तरी बाळ कोणत्या परिस्थितीत सोपवलं ते तुम्हाला सांगावंच लागतं. फोनवर हेच ठणकावून सांगा.
मला नाव मिळालं नाही. 'वय १९, अविवाहित, शिक्षण पाचवी' एवढं मिळालं. त्या ओळीची झेरॉक्स माझ्या पर्समध्ये असते.

चिंच_गूळ:
त्या बाईचाही विचार करा. तिच्या सासरी कुणाला माहीत नसेल. एक पत्र गेलं तरी तिचा संसार उधळेल.

ओसरी:
म्हणूनच तर संमतीची अट आहे, आणि ती मला मान्य आहे. पण आजाराची माहिती द्यायला नाव कशाला लागतं?

लेस्टरकर:
इंग्लंड-वेल्समध्ये १९७५च्या कायद्यापासून १८व्या वर्षी मूळ दाखला मागता येतो. त्या कायद्याआधी दत्तक गेलेल्यांना अगोदर समुपदेशकाला भेटावं लागतं, एवढंच.

शेवंती८६:
आईला सगळं वाचून दाखवलं. ती उठली आणि कपाटातून कोर्टाचा आदेश काढून दिला, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला. म्हणाली, "अर्ज भर, पुण्याला मी येते बरोबर."