अनुभव धागा : वॉर्डातले पहिले वर्ष

जीएनएमची (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी या पदविकेची) तीन किंवा बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षे पूर्ण करून, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झालेली मुलगी जेव्हा वॉर्डात पहिल्यांदा स्वतःच्या सहीने काम करू लागते, तेव्हा तिला सुई लावता येत असते, कॅथेटर (लघवीची नळी) घालता येत असतो, ड्रेसिंग येत असते. एकाच वेळी आठ खाटांवरून हाका आल्या तर आधी कुठे जायचे, एवढे मात्र तिला कोणी शिकवलेले नसते. विद्यार्थिदशेत तिने दोन-तीन रुग्णांची सविस्तर केस स्टडी लिहिलेली असते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक नर्स असायला हवी. हा निकष पाळणारा वॉर्ड मला इतक्या वर्षांच्या शिकवण्यात क्वचितच दिसला आहे.

माझ्या माजी विद्यार्थ्यांना आणि काही जुन्या सहकाऱ्यांना मी पहिल्या वर्षाबद्दल लिहिण्याची विनंती केली. रुग्णालयाचे वा व्यक्तीचे नाव येऊ नये, आणि सेवाभाव व त्याग हे विषय १२ मेच्या, म्हणजे परिचारिका दिनाच्या, भाषणांसाठी राखून ठेवावेत, एवढ्या दोनच अटी घातल्या. पहिल्या वर्षातला निम्माअधिक त्रास ‘कोणाला आणि कधी विचारायचे’ हे ठरलेले नसल्यामुळे होतो, असे माझे मत होते. आलेले लेखन वाचून ते पक्के झाले. पगाराचा मुद्दा मात्र माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी मोठा निघाला.

स्टाफ नर्स, मेडिसिन वॉर्ड, मराठवाड्यातील सरकारी रुग्णालय

माझी पहिली नेमणूक पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात ऐन पावसाळ्यात झाली. तापाच्या रुग्णांमुळे खाटा संपून गाद्या जमिनीवर आल्या होत्या आणि दुपारच्या पाळीला आम्ही दोघीच असायचो. ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून रुग्णांची माहिती, घेऊन झाला की मी थेट औषधांच्या ट्रेकडे धाव घेत असे, कारण सहाची औषधे वेळेत झाली नाहीत तर चार्टवर कोरी जागा दिसेल, याची धास्ती असे. माझ्याबरोबरच्या ज्येष्ठ सिस्टरांनी ही सवय मोडून काढली. ट्रेला हात लावण्याआधी सगळ्या वॉर्डातून एक फेरी मारायची आणि त्या फेरीत श्वास कसा चालला आहे, सलाईन चालू आहे की थांबले आहे, लघवीच्या पिशवीत किती जमले आहे आणि काल बोलणारा कोण आज गप्प आहे, एवढेच पाहायचे, असा त्यांचा शिरस्ता होता.

अशाच एका फेरीत डेंगीच्या एका तरुण मुलाचा ताप उतरलेला आढळला. चार दिवसांनी पारा खाली आल्यामुळे त्याची आई निश्चिंत होऊन चहा आणायला निघाली होती, आणि टीपीआर चार्टवर (ताप, नाडी, श्वासाच्या तक्त्यावर) आकडा लिहून मीही पुढच्या खाटेकडे वळत होते. सिस्टरांनी मुलाचा तळहात हातात घेतला, पाऊल चाचपले आणि मला रक्तदाब घ्यायला सांगितले. तो १०० वर ८४ होता. वरचा आकडा शंभर आहे म्हणजे काळजी नाही, असे मला वाटले. त्यांनी मला दोन्ही आकड्यांतले अंतर काढायला लावले. ते सोळा भरले. डेंगीतला खरा धोका बहुधा ताप उतरण्याच्या सुमारास सुरू होतो, कारण याच काळात रक्तातला द्रव केशवाहिन्यांबाहेर झिरपू लागतो. वरचा आकडा बराच वेळ तग धरतो, खालचा वर सरकत जातो, आणि दोन्हींतले अंतर वीसवर किंवा त्याखाली आले की रुग्ण शॉकच्या, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडण्याच्या, वाटेवर आहे असे धरायचे. हे मी वाचलेले होते, परीक्षेत लिहिलेही होते. पण त्या गार तळहाताशी त्याचा संबंध मला कोणीतरी हाताला धरून दाखवावा लागला.

मग त्यांनी फोन माझ्याच हातात दिला आणि ‘पेशंट बरा वाटत नाही’ हे वाक्य उच्चारायचे नाही, अशी ताकीद दिली. खाट क्रमांक, डेंगीचा पाचवा दिवस, ताप उतरलेला, रक्तदाब १०० वर ८४, नाडी १२४, हात-पाय गार, सकाळपासून लघवी अगदी थोडी, आपण आत्ताच येऊन पाहावे, असे मी एका दमात सांगितले. निवासी डॉक्टर दुसऱ्या वॉर्डातले काम टाकून आले, सलाईनचा वेग वाढवला, रक्ततपासणी पाठवली, आणि मुलगा पुढे बरा होऊन घरी गेला. रात्री डॉक्टरांना उठवायची भीती वाटते असे नव्या मुली सांगतात, तेव्हा मी त्यांना आधी आकडे जमवायला सांगते. हातात आकडे असले की आवाज कापत नाही, आणि समोरचा माणूसही खेकसण्याआधी ऐकून घेतो.

स्टाफ नर्स, अतिदक्षता विभाग, पुणे

नियुक्तिपत्रात पहिला महिना ज्येष्ठ नर्सच्या हाताखाली, असे स्वच्छ लिहिलेले होते. तो महिना पुरा होण्याआधीच मला दोन खाटा स्वतंत्रपणे मिळाल्या. माझा सगळ्यात जास्त ताण इन्सुलिनवर होता, आणि तो रास्तच होता. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या दोन तीव्रतांच्या मिळतात, एका मिलिलीटरमध्ये ४० युनिटच्या आणि १०० युनिटच्या, आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. ४० ची लाल टोपीची, १०० ची नारिंगी टोपीची. १०० युनिटचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये खुणेप्रमाणे भरले, तर रुग्णाला अडीचपट मात्रा जाते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आम्ही एकाच प्रकारची कुपी पाहिलेली होती. इथे नातेवाईक बाहेरच्या दुकानातून जी मिळेल ती आणून देत, त्यामुळे एकाच फ्रिजमध्ये दोन्ही नांदत होत्या. शेजारच्या खाटेवर काम करणाऱ्या केरळच्या सिस्टर कितीही घाई असली तरी कुपी आणि सिरिंज दोन्ही समोर धरून मोठ्याने वाचत आणि दुसरीला ‘हो’ म्हणायला लावत. सुरुवातीला मला ते बावळटपणाचे वाटायचे. आता मी तेच करते, आणि नव्या मुली माझ्याकडे तशाच नजरेने पाहतात.

फोनवर दिलेल्या ऑर्डरचेही तसेच. ऐकायची, लिहायची, परत वाचून दाखवायची आणि राउंडला सही घ्यायची. परत वाचून दाखवताना ‘ऐकू येत नाही का?’ असा प्रश्न आला, तरी वाचणे थांबवायचे नाही.

*(शिक्षिका म्हणून माझी एक भर. पोटॅशियम क्लोराइड कधीही शिरेत थेट सोडायचे नसते, ते विरल करून, ठरलेल्या वेगानेच द्यायचे असते, हे प्रत्येकीला पाठ असते. तरीही त्याची अँप्युल इतर साध्या अँप्युलांच्या शेजारच्याच खणात ठेवलेली मी अनेक वॉर्डांत पाहिली आहे. नवख्या मुलीला सावध राहण्याचे व्याख्यान देण्यापेक्षा तो खण आधी बदलावा.)*

स्टाफ नर्स, प्रसूतिकक्ष, कोकण

मला प्रसूतिकक्षात जे पहिले शिक्षण मिळाले, ते कक्षातल्या मदतनीस मावशींकडून. प्रसूती सुरळीत झाली होती, बाळ रडले होते, आणि मी बाळाचे वजन, जन्मवेळ, पावलांचे ठसे आणि आईच्या नावाची पट्टी या कागदपत्रांत गुंतले होते. चादर सारखी करता करता मावशी म्हणाल्या, ‘सिस्टर, ह्या बाईकडे जरा बघा, दुसरा पॅडही भिजला.’ पोटावर हात ठेवला तर गर्भाशय घट्ट लागायला हवे ते मऊ लागत होते. मी मालिश सुरू केले, डॉक्टर मॅडमना हाक मारली, गर्भाशय आवळणारे ऑक्सिटोसिन चढवले, आणि रक्तस्राव आटोक्यात आला. प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाची पाचशे मिलिलीटरची व्याख्या मावशींना ठाऊक नव्हती. पण इतक्या वेळात इतके कापड भिजू नये, हे त्यांना माझ्या आधी समजले होते. मावशी आणि मामा यांच्याशी नव्या मुली सुरुवातीला तोऱ्यात वागतात, आणि त्यात नुकसान मुलींचेच होते.

ब्रदर, अपघात विभाग, विदर्भ

नातेवाईकांच्या लेखी नर्स म्हणजे बाई, त्यामुळे गणवेशातला पुरुष एक तर डॉक्टर असतो किंवा वॉर्डबॉय. एकाच पाळीत मी ‘डॉक्टरसाहेब’ही झालो आहे आणि ‘ओ मामा, स्ट्रेचर आणा’ही ऐकले आहे. त्याचे फारसे वाईट वाटत नाही. मात्र वॉर्डात बाचाबाची होण्याची चिन्हे दिसली की सगळ्यांनी ‘ब्रदर, तुम्ही पुढे व्हा’ म्हणणे मला खटकते. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे आणि त्याचा फलक आमच्या दारावर लावलेलाही आहे. जमाव भडकतो तो बहुतेक वेळा कोणी काहीच सांगत नाही म्हणून. आत काय चालले आहे हे थोड्या थोड्या वेळाने बाहेर येऊन घरच्या एकाच जबाबदार माणसाला सांगणे, हे काम कोणाच्याच ड्युटीत लिहिलेले नाही.

स्टाफ नर्स, सध्या सरकारी सेवेत. आधी एका लहान खासगी रुग्णालयात

सगळे कौशल्याबद्दल लिहितील, म्हणून मी पैशाबद्दल लिहिते. पहिल्या नोकरीत माझी मूळ प्रमाणपत्रे ‘पडताळणीसाठी’ म्हणून ठेवून घेतली आणि बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) संपेपर्यंत परत दिली नाहीत. पगारातून मेस आणि खोलीचे पैसे कापले की घरी पाठवायला फारसे काही उरत नसे, आणि रजा मागितली की बाँडची आठवण करून दिली जाई. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये खासगी रुग्णालयांतील नर्सच्या वेतनाबाबत समिती नेमण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले होते. त्या समितीने पन्नास खाटांहून लहान रुग्णालयांतही महिन्याला किमान २०,००० रुपये द्यावेत, आणि दोनशे खाटांवरील रुग्णालयांत राज्य सरकारच्या नर्सइतके वेतन असावे, अशी शिफारस केली. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. माझा पगार त्या किमान आकड्याच्या आसपासही नव्हता. पोटाची चिंता डोक्यात घेऊन सलग बारा तासांची रात्रपाळी करणारी मुलगी औषधाची मात्रा मोजताना किती सावध राहू शकते, हा प्रश्न रुग्णसुरक्षेच्या कार्यशाळांत मी कधी ऐकलेला नाही.

नर्स, ब्रिटनमधील एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) रुग्णालय; मूळची नाशिकची

इथे परीक्षा देऊन नोंदणी झाली, तरी सुरुवातीचे काही आठवडे मला मनुष्यबळाच्या मोजणीत धरले नव्हते, म्हणजे मी वॉर्डात असले तरी माझ्या नावावर स्वतंत्र रुग्ण नव्हते. हे सुख भारतात मला कधी लाभले नाही. दुसरी सोय म्हणजे न्यूज-२ नावाची गुणपद्धत: श्वासाचा वेग, ऑक्सिजनचे प्रमाण, बाहेरून ऑक्सिजन चालू आहे की नाही, रक्तदाब, नाडी, शुद्धी आणि ताप यांना गुण द्यायचे, बेरीज पाच झाली की तातडीने बोलवायचे आणि सात झाली की आणीबाणीच्या पथकाला. नव्या मुलीने फोन का केला याची सफाई तिला द्यावी लागत नाही, ती बेरीज देते.

तरीही इथले पहिले वर्ष मला भारतातल्याइतकेच जड गेले, आणि कारण अगदी वेगळे होते. आपल्याकडे भरवणे, कूस बदलणे, संडासला नेणे हे सगळे नातेवाईक निमूटपणे करतात आणि ते किती मोठे काम आहे याचा आपल्याला पत्ता नसतो. इथे ते आम्हीच करायचे. एका वृद्ध रुग्णाला सावकाश भरवण्यात अर्धा तास सहज जातो, आणि तो अर्धा तास माझ्या डोक्यातल्या वेळापत्रकात कुठेच नव्हता.

इन्चार्ज सिस्टर, शस्त्रक्रिया वॉर्ड, मुंबई

आम्हा इन्चार्ज सिस्टरांच्या रागावण्याविषयी वर कोणी लिहिलेले नाही, त्याबद्दल सगळ्यांची आभारी आहे. सकाळी आठच्या आत इंडेंट (सामानाची मागणी), धुतलेल्या चादरी, ऑक्सिजन सिलिंडर आणि क्रॅश कार्टची, म्हणजे आणीबाणीच्या औषधांच्या गाडीची, तपासणी उरकायची असते, राउंडला कोणत्या फाइलमध्ये कोणता रिपोर्ट नाही हे सांगायचे असते, आणि त्याच वेळी नवी मुलगी येऊन कात्री कुठे आहे असे विचारते. मग आमच्या तोंडून नको ते निघते. ते समर्थनीय नाही, पण त्यामुळे ती मुलगी पुढच्या वेळी महत्त्वाचा प्रश्नही गिळते, हे लक्षात यायला मला फार वर्षे लागली.

आता औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. श्वासाचा वेग, ऑक्सिजन, वरचा रक्तदाब आणि सहा तासांत न झालेली लघवी यांच्या मर्यादा त्यावर लिहिल्या आहेत. त्या ओलांडल्या की कोणालाही न विचारता डॉक्टरांना फोन करायचा. पाचवी ओळ आहे ‘काहीतरी ठीक वाटत नाही’, आणि तिच्यापुढे माझा नंबर आहे. डॉक्टरांना आकडे सांगावेत, हे मराठवाड्यातल्या सिस्टरांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण आकडे बिघडण्याआधीच शंका येते ती कोणाला सांगायची, यासाठी ती ओळ आहे. ड्युटी लिस्टवर नव्या मुलीचे नाव मी एका ज्येष्ठ सिस्टरच्या नावासमोर, त्याच पाळीत लिहिते, आणि पहिले काही महिने दोघींची रात्रपाळीही एकत्रच लावते. ज्या महिन्यात दोघी बाळंतपणाच्या रजेवर जातात आणि त्यांच्या जागी कोणी मिळत नाही, त्या महिन्यात ही जोडी फुटते. मागच्या पावसाळ्यात ती फुटली, आणि नव्या मुलीला रात्री एकटीनेच वॉर्ड सांभाळावा लागला.