रविवारच्या ब्रंचसाठी गजबजलेले मेक्सिकन रेस्टॉरंट कसे निवडावे? सल्ला हवा आहे

प्रश्न
नमस्कार. नणंदेच्या वाढदिवसानिमित्त आम्ही आठ जण रविवारी ब्रंचसाठी मेक्सिकन रेस्टॉरंटमध्ये जाणार आहोत. संगीत आणि गजबज हवी आहे. परंतु तिघे पूर्ण शाकाहारी आहेत, सासूबाई मद्य घेत नाहीत आणि उरलेल्यांना कॉकटेल उत्तमच हवे आहे. छायाचित्रे सर्वच ठिकाणांची मोहक असतात, त्यामुळे नेमके काय पाहून निवड करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिला प्रतिसाद
माझ्या मते सर्वांत आधी टॉर्टिया, म्हणजे मक्याची पातळ पोळी, पाहावी. मका चुन्याच्या निवळीत शिजवून, रात्रभर तसाच भिजत ठेवून आणि मग धुऊन दळला, तरच त्या पिठाला मळण्याजोगा चिकटपणा आणि विशिष्ट खमंग वास येतो. शिवाय मक्यातील नायसिन शरीराला मिळते तेही याच प्रक्रियेमुळे. जिथे असे पीठ रोज तयार होते आणि टॉर्टिया मागणीनुसार भाजल्या जातात, तिथले इतर पदार्थही बहुधा निगुतीने केलेले असतात. रेस्टॉरंटला दूरध्वनी करून हा एकच प्रश्न विचारला, तरी उत्तराच्या सुरावरून पुष्कळ कळते.

ब्रंचला चिलाकिलेस अवश्य मागवावे. टॉर्टियाचे तळलेले तुकडे लाल किंवा हिरव्या साल्सात (चटणीसारख्या तिखट सॉसमध्ये) जेमतेम घोळवून, वर क्रीम, चीज, कांदा आणि हवे असल्यास अंडे घालून ते वाढतात. कडा कुरकुरीत आणि मधला भाग साल्सा प्यालेला, अशी त्याची अवस्था काही मिनिटेच टिकते. म्हणून बुफेत मांडून ठेवलेले चिलाकिलेस घेण्यात अर्थ नाही आणि ब्रंचला केवळ बुफेच देणारे ठिकाण मी तरी टाळेन. लाल की हिरवा साल्सा, हे ठरत नसेल तर वेवोस दिवोर्सियादोस घ्यावे: त्यात दोन अंडी असतात, एकावर लाल आणि दुसऱ्यावर हिरवा साल्सा.

दुसरा प्रतिसाद
कॉकटेलविषयी लिहितो. टकिला निळ्या अगावेपासून, म्हणजे घायपाताच्या एका जातीपासून होते. किमान 51 टक्के शर्करा अगावेची असली, तरी बाटलीवर टकिला लिहिता येते आणि उरलेली शर्करा उसासारख्या अन्य स्रोतांतून येऊ शकते. त्यामुळे नेहमीच्या कॉकटेलमध्ये ‘100 टक्के अगावे’ असलेली टकिला वापरतात का, हे निःसंकोच विचारावे. दुसरी कसोटी लिंबाची. मार्गारिटा म्हणजे टकिला, संत्र्याचे लिकर आणि लिंबाचा रस एवढेच असल्यामुळे रस ताजा पिळलेला नसेल, तर ते पेय कशानेही सावरत नाही. दुपारच्या आत मात्र मी पालोमा सुचवेन, कारण टकिला आणि ग्रेपफ्रूट सोड्याचे हे पेय हलके असते आणि तिखट साल्सासोबत फार छान लागते. बिअर आवडणाऱ्यांनी लिंबू आणि तिखट सॉस घातलेली मिचेलादा घ्यावी. मेस्काल या अगावेच्याच दुसऱ्या मद्याचा धुरकट स्वाद येतो तो अगावेचे गड्डे जमिनीतील भट्टीत भाजल्यामुळे; तो सर्वांनाच रुचेल असे नाही, म्हणून आधी एकच ग्लास मागवून चाखावा.

सासूबाईंसाठी जमैका, म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचे थंड सरबत, किंवा तांदूळ आणि दालचिनीची ओर्चाता मिळते. दोन्ही पेये मेक्सिकोत रोजच्या जेवणात घेतली जातात, तेव्हा त्यांना केवळ सोय म्हणून काहीतरी दिले, असे मुळीच वाटणार नाही.

तिसरा प्रतिसाद
शाकाहारी मंडळींसाठी एक गोष्ट आरक्षण करतानाच विचारावी, कारण मेनूवर ती बहुधा लिहिलेली नसते: घोटून परतलेल्या बीन्समध्ये आणि गव्हाच्या टॉर्टियामध्ये डुकराची चरबी असू शकते आणि लाल भात अनेकदा कोंबडीच्या रश्शात शिजवलेला असतो. उत्तर संदिग्ध आले, तर ते ठिकाण सोडावे. खात्री झाल्यास फड्या निवडुंगाच्या कोवळ्या फडांचे नोपालेस, मशरूमची केसादिया (सारण घालून दुमडलेली टॉर्टिया) आणि पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या क्रीममध्ये शिजवून केलेल्या राहास जरूर मागवाव्यात.

प्रश्नकर्ती
तिघांचेही मनापासून आभार. चरबी आणि रश्शाचा विचार माझ्या मनात आलाच नसता. सासूबाईंना मोठ्या आवाजाचा त्रास होतो; मग गजबजीचे काय करावे?

पहिला प्रतिसाद देणारे
वादक कुठे आणि किती वाजता बसतात, हे विचारून त्यांच्यापासून दूरचे, शक्यतो भिंतीलगतचे टेबल मागावे आणि सासूबाईंना भिंतीकडच्या बाजूला बसवावे. संगीत सुरू होण्याच्या साधारण तासभर आधीची वेळ घेतली, तर जेवण निवांत होईल आणि केक कापायच्या वेळी वादकही आलेले असतील.