जुन्या गाडीतला लेझर जॅमर अद्ययावत करावा की काढून टाकावा? आणि स्पीड गनचा आकडा पडताळायचा कसा?

चेंबूरचा वाहनचालक (प्रश्न)

नमस्कार. आठ महिन्यांपूर्वी मी एक जुनी सेडान गाडी विकत घेतली. पुढच्या नंबर प्लेटच्या दोन्ही बाजूंना जाळीत बसवलेले दोन छोटे काळे डोळे आहेत. गाडी देताना मला ते पार्किंग सेन्सर असल्याचे सांगण्यात आले होते. परंतु गेल्या आठवड्यात वायरिंगचे काम करताना आमच्या इलेक्ट्रिशियनने तो परदेशातून आणलेला लेझर जॅमर, म्हणजे पोलिसांच्या लेझर स्पीड गनचे मोजमाप बिघडवणारे यंत्र, असल्याचे सांगितले. डॅशबोर्डच्या कप्प्यात त्याची एक पुस्तिकाही सापडली. पोलिसांच्या नव्या स्पीड गन ओळखता याव्यात म्हणून यंत्राचे सॉफ्टवेअर वेळोवेळी अद्ययावत करावे आणि नंतर प्रत्यक्ष चाचणी घ्यावी, असे तिच्यात लिहिले आहे.

योगायोग असा, की गेल्याच महिन्यात मला ईस्टर्न फ्रीवेवरचे ई-चलान आले. मी रोज सकाळी चेंबूरहून फोर्टला जातो. चलानात ८० च्या मर्यादेत माझा वेग ताशी ९६ किलोमीटर दाखवला आहे. माझ्या स्मरणाप्रमाणे काटा ८५ च्या पुढे गेलेला नव्हता. म्हणून मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे यंत्र अद्ययावत करून तपासून पाहण्यात काही अर्थ आहे का? आणि ९६ हा आकडा बरोबर आहे की चूक, हे सामान्य माणसाने कसे ठरवावे?

ठाण्याचा उपकरण अभियंता

माझे काम मोजमापाची उपकरणे तपासून देण्याचे आहे, त्यामुळे तुमचा दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघेल.

लेझर स्पीड गन वेग थेट मोजत नाही. ती अंतर मोजते, आणि तेही पुन्हा पुन्हा. डोळ्यांना न दिसणाऱ्या, साधारण ९०५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशाचे अतिशय छोटे स्पंद ती गाडीवर सोडते आणि प्रत्येक स्पंद परत यायला किती वेळ लागला ते पाहते. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. गाडी ३०० मीटरवर असेल, तर स्पंदाला जाऊन परत यायला दोन मायक्रोसेकंद लागतात. आता समजा, गन सेकंदाला २०० स्पंद सोडते आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी गाडी दोन स्पंदांमधल्या काळात जेमतेम ११ सेंटिमीटर पुढे सरकते, आणि परतीच्या वेळेत एका नॅनोसेकंदाच्या पाऊण भागाएवढाच फरक पडतो. इतक्या सूक्ष्म फरकावर एकट्याने भरवसा ठेवता येत नाही. म्हणून गन सेकंदाच्या सुमारे एक तृतीयांश काळात डझनावारी स्पंद घेते, ती सर्व अंतरे एका सरळ रेषेत बसतात का ते पाहते आणि बसत नसतील, तर आकडा न देता चुकीची खूण दाखवते.

जॅमरचा दुबळेपणा इथेच आहे. तो गनच्या स्पंदांमध्ये स्वतःचे खोटे स्पंद मिसळून ही रेषा बिघडवू पाहतो. गन बनवणारे त्यावर उपाय म्हणून स्पंदांमधली अंतरे बदलती ठेवतात आणि बाहेरचा प्रकाश घुसल्यास ते ओळखून गन धरणाऱ्याच्या पडद्यावर तशी सूचना देण्याची सोय करतात. मग जॅमरवाले नवे सॉफ्टवेअर काढतात, आणि ही शर्यत चालू राहते. तुम्ही कितीही अद्ययावत केलेत तरी समोरच्या हातात कोणती गन आहे हे तुम्हाला ठाऊक नसते. आणि मोकळ्या रस्त्यावर, स्वच्छ उजेडात, एकाच गाडीचा आकडा मिळत नसेल, तर गन धरणाऱ्या अनुभवी माणसाला वेगळे काही सांगावे लागत नाही. चाचणी घ्यायची म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर मुद्दाम मर्यादा ओलांडायची. शिवाय स्पीड गनचा लेझर डोळ्यांना अपाय होणार नाही अशा श्रेणीत ठेवलेला असतो. तुमच्या जाळीतल्या यंत्राबद्दल तशी खात्री कोणी दिलेली आहे का? कृपया यापैकी काहीही करू नका.

आता तुमच्या ९६ कडे वळतो. लेझर गनच्या ज्या चुका माहीत आहेत, त्यांतली एक चालकाच्या फायद्याची असते. गन रस्त्याच्या कडेला किंवा वर पुलावर असेल, तर ती गाडीचा वेग तिरक्या रेषेतून पाहते आणि खऱ्या वेगाला कोनाच्या कोज्येने (कोसाइनने) गुणले की जो येतो तेवढाच, म्हणजे कमी आकडा दिसतो. दहा अंशांचा कोन असला तर ८० ऐवजी ७८.८ दिसेल. वाढीव आकडा या कारणाने येऊ शकत नाही.

दुसरी चूक मात्र तुमच्या विरोधात जाऊ शकते. गनचा किरण दूर जाताना पसरतो; ३०० मीटरवर त्याचा ठिपका साधारण ९० सेंटिमीटरचा होतो, ५०० मीटरवर दीड मीटरचा, म्हणजे जवळजवळ गाडीच्या रुंदीइतका. गन धरणाऱ्याचा हात हलला आणि ठिपका समोरच्या काचेवरून घसरत नंबर प्लेटवर आला, तर गाडी प्रत्यक्षात सरकली त्यापेक्षा जास्त पुढे आल्याचा भास होतो. एका मीटरची अशी घसरण सेकंदाच्या एक तृतीयांश काळात झाली, तर आकड्यात ताशी दहा-अकरा किलोमीटरची भर पडू शकते. घसरण झटक्यात झाली तर रेषा मोडते आणि गन तो आकडा नाकारते. ती सावकाश, एकसारखी झाली तर निसटू शकते. म्हणूनच नंबर प्लेटवर नेम स्थिर ठेवण्याचे प्रशिक्षण दिले जाते. दूरच्या अंतरावर शेजारच्या मार्गिकेतल्या गाडीचा आकडा तुमच्या नावावर लागणे हीदेखील एक शक्यता आहे.

त्यामुळे सर्वात आधी चलानासोबतचे छायाचित्र नीट पाहा. नेमाची खूण कुठे आहे, अंतर किती लिहिले आहे आणि चौकटीत आणखी कोणती गाडी आहे, ते कळवा. दुसरे, गाडीचे टायर मूळ मापाचे आहेत का ते पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमावलीनुसार काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवायचा नसतो. जास्त दाखवायला मात्र दहा टक्के अधिक ताशी चार किलोमीटरपर्यंत मुभा असते. पण हे मूळ मापाच्या टायरांना लागू. कोणी मोठे टायर बसवले असतील, तर काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू शकतो आणि हे गणितच कोलमडते.

अंधेरीतील वकील

वरील तांत्रिक विवेचनाला कायद्याची बाजू जोडतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११२ मध्ये वेगमर्यादा आहे आणि कलम १८३ मध्ये तिच्या उल्लंघनाची शिक्षा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनासाठी हा दंड एक हजार ते दोन हजार रुपये आहे. त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाकडे लोकांचे सहसा लक्ष जात नाही. केवळ एका साक्षीदाराच्या मतावरून कोणालाही अतिवेगासाठी दोषी ठरवता येत नाही, ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाने केलेल्या मोजणीवर आधारलेले असावे लागते. म्हणजे कायद्यानेच सगळा भार उपकरणावर टाकला आहे, आणि म्हणून त्या उपकरणाच्या अचूकतेबद्दल विचारणे हा नागरिकाचा रास्त हक्क ठरतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये ११ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने आणलेला नियम १६७-अ वाचा. इलेक्ट्रॉनिक उपकरण अचूक असून नीट चालते, असे राज्य शासनाने नेमलेल्या प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र त्यात आवश्यक ठरवले आहे आणि त्याचे नूतनीकरण दरवर्षी व्हावे असे म्हटले आहे. अशा उपकरणांची नजर असलेल्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक असावेत, घटनेपासून १५ दिवसांच्या आत नोटीस पाठवली जावी आणि चलानासोबत स्पष्ट छायाचित्र व उपकरणाचे मोजमाप असावे, हेही त्यात आहे. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक नोंद मांडताना पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चे प्रमाणपत्र लागत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ त्या जागी आले आहे. डॉप्लर तत्त्वावर (परत आलेल्या लहरींच्या वारंवारितेतील बदलावरून वेग काढणे) चालणाऱ्या मायक्रोवेव्ह रडार गनसाठी वैधमापनशास्त्र (वजन-मापांच्या) नियमांत स्वतंत्र तरतूद १ जुलै २०२५ पासून लागू झाली असून पडताळणी व मुद्रांकन झाल्याशिवाय त्या वापरता येत नाहीत. तुमची गन लेझरची होती की रडारची, हे चलानावरून किंवा अर्ज करून आधी निश्चित करा.

आता जॅमरबद्दल. मोटार वाहन कायद्यात ‘लेझर जॅमर’ हा शब्द कुठेही नाही, असे सांगून ही यंत्रे विकली जातात आणि ग्राहक निश्चिंत होतो. हा दिलासा फसवा आहे. त्याच कायद्याच्या कलम १७९ मध्ये अधिकाऱ्याच्या कामात अडथळा आणण्यासाठी दोन हजारांपर्यंत दंड आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ मध्ये लोकसेवकाला कर्तव्यात अडथळा आणल्याबद्दल तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. परदेशात हे मोकळेपणाने चालते हीही गैरसमजूत आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि टेक्सास यांसह अनेक राज्यांत लेझर जॅमरवर बंदी आहे, आणि ब्रिटनमध्ये ते वापरणाऱ्यांना न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याच्या गुन्ह्याखाली तुरुंगात जावे लागले आहे.

तुमच्या प्रकरणात माझी खरी काळजी निराळी आहे. उद्या तुम्ही ‘गनचे मोजमाप चुकले’ असे म्हणाल, आणि गाडीच्या जाळीत ते मोजमाप बिघडवण्यासाठी बनवलेले यंत्र सापडेल. मग तुमची तक्रार कितीही खरी असली तरी ती ऐकून कोण घेईल? यंत्र अधिकृत कार्यशाळेत काढून घ्या, काढल्याचे तारखेसह बिल घ्या आणि काढण्यापूर्वी त्याला वीजपुरवठा होता की नाही हे तंत्रज्ञाकडून त्या बिलावर लिहून घ्या.

पनवेलचा रोजचा प्रवासी

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर माझ्यापुढच्या गाडीचा ब्रेक काहीही कारण नसताना एकाएकी जोरात दाबला गेला. मी कसाबसा डावीकडे वळवून वाचलो. पुढे फूड मॉलवर तोच चालक भेटला आणि त्याने सांगितले, की गाडीतल्या अशाच यंत्राने स्पीड गनची सूचना दिली म्हणून त्याने ब्रेक मारला. ११० च्या वेगात विचाराला एक सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावरही थांबायला शंभर मीटरच्या आसपास लागतात. ८० ला साठाच्या आतबाहेर. माझ्या गाडीत मुले होती, हे मी अजून विसरलेलो नाही.

शिवाय त्या महामार्गावर २०२४ पासून दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजणारे कॅमेरेही लागले आहेत. दहा किलोमीटर अंतर सहा मिनिटांच्या आत कापले, तर कुठेतरी शंभरची मर्यादा ओलांडलेली असणारच. तिथे कोणाच्या दिशेने खोटा प्रकाश सोडणार?

चेंबूरचा वाहनचालक

सर्वांचे मनापासून आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे तपासणी केली आणि जे आढळले ते, मला अडचणीचे असले तरी, जसेच्या तसे लिहितो.

जॅमर काल काढून घेतला. त्याची वीजवाहिनी फ्यूजपाशीच तोडलेली होती, म्हणजे चलानाच्या दिवशी तो बंदच होता. बिलावर तंत्रज्ञाने तशी नोंद केली आहे. टायरांबद्दलचा तुमचा तर्क बरोबर निघाला. गाडीच्या दारावरील पट्टीवर १९५/६५ आर १५ लिहिले आहे आणि चाकांवर २१५/६० आर १६ आहेत. आज पहाटे फ्रीवेवरून रहदारी नसताना जाऊन आलो. शेजारी बसलेल्या भावाने फोनवरचा जीपीएस वेग लिहून घेतला. काटा ७० वर असताना जीपीएस ७३ दाखवत होता आणि ७५ वर असताना ७८.

ठाण्याचा उपकरण अभियंता

या दोन मापांच्या व्यासांत सुमारे पावणेपाच टक्क्यांचा फरक आहे. मूळ टायरांवर तुमचा काटा थोडा जास्त दाखवत असणार, तो जास्तीचा भाग या फरकाने खाऊन टाकला आणि वर चार टक्के कमी दाखवू लागला. म्हणजे काटा ८५ वर होता हे तुमचे स्मरण अचूक धरले, तरी खरा वेग ८८ ते ८९ होता. तुम्ही मर्यादेबाहेर होतात, हे मान्य करावे लागेल. उरलेल्या सात-आठ किलोमीटरचा खुलासा मात्र टायरांतून होत नाही. छायाचित्रात काय दिसते?

चेंबूरचा वाहनचालक

अंतर ४१० मीटर लिहिले आहे. नेमाची खूण माझ्या नंबर प्लेटवर नसून उजव्या दिव्याच्या बाहेरच्या कडेशी आहे, आणि उजव्या मार्गिकेत माझ्या किंचित पुढे एक टॅक्सी आहे.

ठाण्याचा उपकरण अभियंता

४१० मीटरवर ठिपका सव्वा मीटरच्या आसपास असतो. त्याचा काही भाग टॅक्सीवर पडला असण्याला वाव आहे. आकडा तिचाच होता असे मी म्हणणार नाही, छायाचित्र क्षणाचे असते आणि मोजणी त्याआधीच्या सेकंदाच्या काही भागाची. पण शंका घेण्यास हे पुरेसे आहे.

अंधेरीतील वकील

मग महाट्रॅफिक ॲपमधून तक्रार नोंदवा आणि ती नेमकी ठेवा: नेमाची खूण, अंतर, शेजारची टॅक्सी, आणि उपकरणाच्या त्या वर्षीच्या प्रमाणपत्राची मागणी. टायरांची गोष्ट लपवू नका. मर्यादा ओलांडलीच नव्हती असे लिहू नका, कारण ते खरे नाही; आकडा तुमच्याच गाडीचा आहे का, एवढेच विचारा. ८८ असो वा ९६, कलम १८३ लागू होतेच, त्यामुळे दंड टळेलच असे मी सांगत नाही. परंतु त्याच कलमाखाली दुसऱ्या वेळी परवाना जप्त होऊ शकतो, म्हणून पहिली नोंद योग्य असणे महत्त्वाचे आहे.

चेंबूरचा वाहनचालक

तक्रार आज दुपारी याच शब्दांत नोंदवली आहे आणि मूळ मापाचे टायर शनिवारी बसवून घेत आहे. उत्तर आले, की प्रमाणपत्राच्या तारखेसह इथे लिहीन.