आंब्याच्या फांद्या विजेच्या तारांत शिरल्या आहेत, सुरक्षित छाटणी कशी करून घ्यावी?

नमस्कार. आमचे घर कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी, जुन्या आळीत आहे. अंगणातला रायवळ आंबा आजोबांनी लावलेला, साठीच्या पुढचा. त्याच्या रस्त्याकडच्या दोन फांद्या घरगुती पुरवठ्याच्या उघड्या तारांत शिरल्या आहेत. परवा वळवाची सर आली तेव्हा पाने तारेला घासून ठिणग्या उडाल्या आणि सकाळी पाहिले, तर मनगटाएवढ्या फांदीची साल वीतभर काळी पडून चिरली होती.

एक गडी लोखंडी शिडी आणि बांबूला बांधलेला कोयता घेऊन चढायला तयार आहे. तारेला हात लावणार नाही, असे तो सांगतो. पण ओल्या फांदीतून वीज उतरते आणि कापलेली फांदी तारेवर कलंडली तर खोडाला टेकलेला माणूसही सुटत नाही, म्हणून मी त्याला थांबवले आहे.

महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात झाडाला इजा करणे हेही तोडण्यातच धरले आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरील झाड 'हेरिटेज' मानले जाते. त्यामुळे परवानगीचा अर्ज दिला आहे. ज्यांनी हे काम करून घेतले आहे, त्यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

पहिली, लाईन बंद केल्याची खात्री कशी करतात? घरातला दिवा गेला म्हणजे तार मेली असे नव्हे. चुकीच्या जोडणीमुळे शेजारच्या जनरेटरची वीजही तारेत उलटी येऊ शकते. वायरमन तारा तपासून, दोन्ही बाजूंनी अर्थिंग करूनच चढू देतात का, आणि तसे लेखी मिळते का?

दुसरी, छाटणीची. शेजारच्या फणसाचा शेंडा तीन वर्षांपूर्वी सपाट उडवला. तिथून फुटलेले धुमारे वर्षभरात पुन्हा तारेला भिडले. आमची फांदी बुंध्याजवळच्या फुगवट्याबाहेर, आधी खालून खाच घेऊन कापावी, म्हणजे साल सोलवटणार नाही, असे मला वाटते. जाणकारांनी कृपया चूक असल्यास सांगावे. उघड्या तारांऐवजी आवरण असलेली एरियल बंच केबल कोणी बसवून घेतली असल्यास खर्च कोणी उचलला, हेही कळवावे.

मृग तीन आठवड्यांवर आहे. तोवर त्या बाजूच्या फाटकाला कुलूप घातले आहे आणि मुलांना झाडाखाली जाऊ देत नाही.