हिमायत बागेत फिरणाऱ्यांना पास लावावा का?

खामकाठ:
बारा वर्षं झाली, रोज सकाळी आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) हिमायत बागेत चालतो. परवा सीताफळाची एक फांदी सालीवर लोंबत होती. खाली चोखून टाकलेल्या बिया आणि वेफर्सची पाकिटं. माझं मत: सकाळी दोन तास, पास घेऊन, तेही मोठ्या रस्त्यानंच. मोगलांच्या काळातली ही सुमारे 300 एकरांची बाग आज परभणीच्या कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. आपण तिला गार्डन समजतो, तिथंच चुकतं.

रोजाबागकर:
दादा, आज पास, उद्या पंधरा रुपये, परवा फाटक बंद. चार टवाळांपायी सगळ्यांना कशाला शिक्षा? आमच्या आईचे गुडघे गेलेत. डांबरी रस्त्यावर दहा मिनिटांत बसते, बागेतल्या मातीवर अर्धा तास चालते. सिद्धार्थ उद्यान आहे की, म्हणाल. रोज रिक्षा करून चालायला जायचं का?

कलमवाला:
मी नर्सरीत काम करतो म्हणून सांगतो. त्या ओळींतली बरीच झाडं मातृवृक्ष असतात. पेन्सिलीएवढी जाड कलमकाडी तिथून काढायची, पाचर करून रोपाच्या चिरेत बसवायची, वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. तुम्ही एक फांदी मोडली की पुढची कितीतरी कलमं गेली. फळाचं दुःख नाही हो, काडीचं आहे. पासानं भागणार नाही, त्या ओळींना तारच पाहिजे.

जुनाशहर:
ही बाग सामान्यांसाठी होतीच कधी? बादशाही लोकांची ती.

रोजाबागकर:
@जुनाशहर मग मलिक अंबरानं नहर काढली तिचं पाणी काय एकट्या बादशहानं प्यायलं? आणि कुलपाचंच म्हणाल तर समोरचं सलीम अली सरोवर बघा. खिजरी तलाव म्हणायचे त्याला. पक्ष्यांसाठी माणसं बाहेर ठेवली, पटतं मला. पण जलपर्णी कुलूप बघून थांबली का? रोज येणारा माणूसच आधी ओरडतो. फांदी मोडलेली दिसली कुणाला? फिरणाऱ्यालाच ना!

खामकाठ:
हे मात्र खरं. पासाचे पैसे नकोत, नुसतं नाव-नंबर लिहून घ्या. कलमवाल्यांची तारही मान्य. पण संध्याकाळी केक कापायला येणाऱ्यांना आत सोडायचं नाही, यावर मी ठाम आहे. मेणबत्त्या, फोम, वर वाळलेला पाला. उन्हाळ्यात एक ठिणगी बास.

रोजाबागकर:
केकवाल्यांचं मान्य. नाव लिहायलाही हरकत नाही. तारेचं मात्र आईला सांगायची माझी हिंमत नाही. ती दर दिवाळीला पदरात दोन-तीन सीताफळं घेऊन येते. खाली पडलेली होती म्हणते.

कलमवाला:
झाडावर पिकलेलं सीताफळ पडलं की फुटतंच, दादा. काकूंच्या पदरातली अख्खी असतात का, तेवढं बघा :)