सीलच्या आधी ब्रीदर बघा

नवीन रिअर मेन सील (इंजिनाच्या मागच्या टोकाला, क्रँकशाफ्ट म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारं कडं) टाकूनही तेलाची गळती थांबली नाही, असं तुम्ही लिहिलंय. पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्याआधी क्रँककेसचा ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या आतला दाब बाहेर सोडणारी वाट, तपासा. तो तुंबला की आतला दाब वाढतो आणि तेल सर्वांत कमजोर जागेतून वाट काढतं. रॉकर कव्हरची (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाची) गळतीही इंजिनाच्या पाठीवरून ओघळत खाली येते आणि चकवा देते. त्यामुळे सगळं पुसून वरपासून शोध घ्या.

ब्रीदर मोकळा निघाला आणि वरूनही गळती नसेल, तर मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. मग क्रँकशाफ्टवर नख फिरवा. जुन्या सीलने चर पाडला असेल, तर कितीही महागडं सील आणा, ते त्या चरावर गळणारच. चरावर पातळ स्टीलची स्लीव्ह, म्हणजे नळीसारखं आवरण, चढवणं हा खरा उपाय. हाउसिंगमध्ये जागा असेल तर सील एखाद-दोन मिमी पुढेमागे बसवूनही भागतं. सीलची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे, आणि त्याच्या रबरी ओठाला (दांड्याला टेकणाऱ्या कडेला) तेल लावूनच बसवायचं. टेफ्लॉनचं सील मात्र सहसा कोरडंच बसवतात.

आणि गाडी मॉरिस मायनरसारखी जुन्या ए-सिरीज इंजिनाची असेल, तर मागे असं सील नसतंच, तेल आत परतवणारे आटे असतात. तिथे थोडं ठिबकणार, खाली पत्र्याचा ट्रे ठेवा.