'सेंद्रिय वास्तुकला' म्हणजे शेणामातीचं घर का?

प्रश्न: अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. त्याच्या 'ऑरगॅनिक' शैलीला 'सेंद्रिय वास्तुकला' लिहिलं, तर भाऊ विचारतो, "भिंतींना गांडूळखत घालतात का?" गूळ सेंद्रिय, तांदूळ सेंद्रिय, आता घरही! 'जैविक' करू का? शिवाय लेखात साहित्यातल्या चळवळीच्या अर्थाने 'रोमँटिक' आहे, तिथे आणखी पंचाईत.

प्रतिसाद: 'जैविक' नको, दवाखान्यातला कचरा आठवतो. सेंद्रियच ठेवा. स + इंद्रिय, इंद्रियं असलेलं. खताला तो नंतर चिकटला. वास्तुकलेत हा शब्द आला तो शेतातून नव्हे, साहित्यातून. जर्मन रोमँटिक समीक्षक ऑगस्ट श्लेगेलने १८०८ साली व्हिएन्नातल्या व्याख्यानांत भेद केला: मऊ गोळा साच्यात दाबून मिळतो तो आकार यांत्रिक; बीजासारखा आतून उलगडत जातो तो सेंद्रिय. शेक्सपिअरची नाटकं नियमांत बसत नाहीत म्हणणाऱ्यांविरुद्ध इंग्रज रोमँटिक कवी कोलरिजने हेच इंग्रजीत वापरलं. पुढे अमेरिकेत निबंधकार एमर्सन, मग वास्तुविशारद लुई सलिव्हन, आणि सलिव्हनच्या हाताखाली तयार झालेला राइट. आपल्या समीक्षेतली कवितेची 'सेंद्रिय एकता' याच घराण्यातली.

प्रश्नकर्ती: पण राइटचं प्रसिद्ध घर फॉलिंगवॉटर तर काँक्रीटचं आहे!

प्रतिसाद: तीच तर गंमत. प्रश्न मालाचा नाहीच, आकार आतून उलगडतो का याचा आहे. पेनसिल्व्हेनियातलं ते घर राइटने धबधब्यासमोर नाही, धबधब्यावर बसवलं. शेकोटीपाशी जागेवरचाच खडक फरशीतून वर आलेला ठेवलाय. आरसीसीचे लांब सज्जे खडकाच्या थरांसारखे बाहेर झेपावतात. (ते पुढे वाकले आणि २००२ मध्ये पोलादी केबल ताणून सावरावे लागले. खडकाचं सोंग काँक्रीटला महागात पडलं!)

दुसरा प्रतिसाद: 'रोमँटिक'ला 'स्वच्छंदतावादी' असा रूढ शब्द आहे. मला तो आवडत नाही, गावभर उंडारणारा कवी डोळ्यांपुढे येतो.

प्रतिसाद: मला उलट इथे तो चपखल वाटतो. छंद म्हणजे आवड, तसं वृत्तही. स्व-छंद: बाहेरून लादलेलं वृत्त नव्हे, स्वतःचं. मनमानी नव्हे, झाडालाही वाटेल तशी पानं फुटत नाहीत.

प्रश्नकर्ती: ठरलं. पहिल्या उल्लेखाला 'सेंद्रिय, म्हणजे आतून वाढत आलेली' एवढं जोडते, पुढे नुसतं सेंद्रिय. 'अंगभूत'ही सुचलं होतं, पण त्याने भिंतीतलं कपाट आठवलं.